दुसऱ्या किल्लीसाठी

मी, परिसरात 'ब्रेकबाई' या नावाने ओळखली जाणारी, वय ४७ वर्षे, धंदा स्वतःचे ड्रायव्हिंग स्कूल, राहणार छापखान्यामागची दुसरी गल्ली, तळमजला, आज १२ तारखेस सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, एका घराचे कुलूप तोडून आत शिरल्याची तक्रार माझ्याविरुद्ध आली आहे, असे मला काल फोनवर समजले. मला बोलावणे आलेले नाही. मी आपणहून आले आहे. कुलूप मीच तोडवले, हे आधी लिहून घ्यावे.

मी एकोणीस वर्षे लोकांना गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, त्यावरून ते नाव पडले. स्वतःसाठी गाडी कधी घेतली नव्हती. या महिन्याच्या ३ तारखेस मी जुन्या गाड्यांच्या दलालाकडून सहा वर्षे वापरलेली, काळ्या रंगाची, ऑटोमॅटिक, चामडी सीटची मोठी सेडान घेतली. पती म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या बाजूला बसलीस. आता स्टिअरिंग आपलं असू दे." दलाल म्हणाले, "मालकीण डॉक्टर होत्या. सहा महिने अंथरुणाला खिळल्यात, पुतण्या विकतोय. गाडी लोण्यासारखी आहे, मॅडम." मी विक्रीच्या कागदावरची सही पाहिली, गाडी चालवून पाहिली. गाडीबाबत दलाल खरे बोलले होते.

गाडीबरोबर एकच किल्ली मिळाली. दलाल म्हणाले, "दुसरी हरवली. एकीवर काय अडतंय?" असली किल्ली हरवली तर सगळी कुलुपे बदलावी लागतात, म्हणून मी रोज फोन करत राहिले. त्यांनी फोन घेणे बंद केले.

९ तारखेस दुपारी गाडी तपासणीसाठी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथले मिस्त्री म्हणाले, "ही भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंची ना? बऱ्या आहेत ना त्या? गेल्या महिन्यात स्वतः घेऊन आल्या होत्या. हवा जास्त भरली म्हणून आम्हाला फैलावर घेतलं." मी महिना दोनदा विचारला. त्यांनी वही दाखवली. तारीख १७ होती.

मी गाडीत येऊन बसले. या गाडीत सीटचे माप साठवण्याची बटणे आहेत, ती मी तोवर वापरली नव्हती. १ दाबले. सीट वर येत पुढे सरकली, माझे गुडघे समोर टेकले, पाठ ताठ झाली. हे माप उंचीने लहान आणि रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचे होते. गाडीच्या नकाशात 'घर' म्हणून जो पत्ता साठवलेला होता, तो कागदावरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. मी त्या पत्त्यावर गेले. किल्ली मागायला जाते आहे, असे त्या वेळी मी स्वतःला सांगितले.

दुपारी ३.२० वाजता पोचले. इंजिन बंद करण्याआधीच गाडीची मालकीण खिडकीच्या गजांशी आलेली होती. वय अंदाजे ७५, केस पांढरे, आखूड कापलेले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे."

मी म्हणाले, "गाडी मी घेतली आहे. दुसरी किल्ली हवी होती."

"किल्ली माझ्याकडे आहे. देणार नाही. मी गाडी विकलेली नाही."

"दार उघडता का, बोलू आपण."

"बाहेरून कुलूप आहे. बघा."

मी पाहिले. कुलूप पितळी, नवीन होते. पुतण्या सकाळी नऊला कामावर जाताना लावतो व संध्याकाळी काढतो, हे अठरा दिवस चालू आहे, फोन दुरुस्तीला दिल्याचे सांगून काढून घेतला आहे, असे त्यांनी सांगितले. खाण्याचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "झाकून ठेवून जातो. उपाशी ठेवत नाही, तसं कुठे सांगू नका." मी विक्रीच्या कागदाचा फोटो दाखवला. "सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. "विम्याचा कागद म्हणून पुढे केला त्यानं. चष्मा आत राहिला होता. चाळीस वर्षं ऑपरेशनआधी मी पेशंटना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका."

मी तिथेच थांबले. पुतण्या ६.३५ वाजता आला. तो माझ्याशी सभ्यपणे वागला, दारातच पाणी दिले. म्हणाला, "काकू विसरतात हल्ली. फाटकाला गाडी घासली त्यांनी. उद्या कुणाला उडवलं तर? गाडी गेल्यावर तिला शोधत भर रस्त्यानं निघाल्या. कुलूप नको लावू तर काय करू?" काकूंनी त्याला विचारले, "माझा फोन कधी मिळणार?" त्याने उत्तर मला दिले. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला गाडी मिळाली ना? मग विषय संपला."

घरी पतींना सर्व सांगितले. ते म्हणाले, "अगं, तू तोंड उघडलंस की गाडी जाणार. होतं नव्हतं ते त्यात घातलंय आपण." मी म्हणाले, "माहीत आहे." जेवणानंतर ताट उचलताना ते म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

१० तारखेस सकाळी १०.१५ वाजता मी, पती व कुलूपवाला तिथे गेलो. कुलूपवाला म्हणाला, "मालक कोण ते कळल्याशिवाय मी हात लावत नाही." तेव्हा गाडीची मालकीण हीच घराचीही मालकीण असल्याचे तिने गजांतून घरपट्टीची पावती व ओळखपत्र देऊन दाखवले. कुलूपवाल्याने फोटो व चेहरा दोनदा ताडून पाहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तोडा." चार मिनिटे लागली. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायात बूट होते, नाड्या बांधलेल्या होत्या. मी घरात पाऊल टाकलेले नाही.

आधी पोलिसांकडे का आला नाहीत, असे मला विचारले. घरगुती मामला आहे, आपसात मिटवा, असे तुम्ही म्हणाल असे मला वाटले. हे वाक्य जसेच्या तसे लिहावे.

पुतण्याच्या म्हणण्यानुसार काकूंना गाडी चालवता येत नाही. याबाबत मी धंद्याने सांगू शकते. कुलूप तोडले त्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर अकरा किलोमीटर गाडी चालवली. मी शेजारी, पती मागे. बाजार, चढ, मोठा चौक आणि अरुंद गल्लीत उलटी गाडी घेणे, सर्व पाहिले. माझ्या बाजूला ब्रेक नसतानाही सवयीने माझा पाय दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा त्यांचा ब्रेक आधी लागला होता. फाटकाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "घासली. लक्ष नव्हतं. चूक माझी." नंतर त्या स्वतः डोळ्यांच्या व मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन आल्या. दोन्ही दाखले जोडले आहेत.

दाराला आता आतून लावायचे कुलूप बसवले आहे. पुतण्याला घरात ठेवायचे की नाही, हे त्या ठरवतील. त्यांनी मला मत विचारले नाही, मी दिले नाही.

गाडी मी १० तारखेसच त्यांच्या दारात लावली, माझ्याकडची किल्लीही दिली. माझे पैसे दलाल व पुतण्या यांच्याकडून वसूल व्हावेत, अशी माझी तक्रार आहे. मिळाले नाहीत तरी गाडीची मालकीण बदलणार नाही. माझे पती याला राजी आहेत का, असे विचारले. ते बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांनाच विचारावे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी 'आजारी वृद्धा' असे लिहिले होते, पुतण्याच्या तक्रारीतून उतरले असावे. तिन्ही ठिकाणी ते खोडून 'गाडीची मालकीण' असे लिहून घेतले व प्रत्येक खोडीशेजारी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे.