वासूच्या पुस्तकात राहून गेलेलं

तुम्ही सगळे आलात. मल्लेश्वरमातले शेजारी आलात, के. आर. पुरमहून त्या ट्रॅफिकमधून वासूचे विद्यार्थी आलात, पुण्याहूनही कोणी आलंय. आणि बोलायला मला पुढे केलंत. मी त्याची थोरली बहीण. ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्या शोकसभेत मी बोलायचं? हा कुठला न्याय? न्यायावर आयुष्यभर लिहिणारा निघून गेला, आता विचारू तरी कुणाला?

स्वल्प थांबा हं. पाणी पिते.

वासू तत्त्वज्ञानाचा मोठा प्राध्यापक, हे तुम्हाला ठाऊक. मला ठाऊक तो माझ्या स्वयंपाकघरात अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेला. सोलणं कमी, बोलणं जास्त! इंग्रजीत लिहिलेलं तिथे मला मराठीत सांगायचा. त्याचं म्हणणं एकच. माणसाचं मरण जवळ आलं, तर ती बातमी आधी त्या माणसाची. घरभर सगळ्यांना माहीत आणि ज्याचं मरण त्यालाच माहीत नाही, हा अन्याय आहे.

मी म्हणायची, "अरे, माणूस खचेल ना!"

तो म्हणायचा, "खचू दे ना, अक्का. खचायचाही त्याला हक्क आहे."

हे त्याला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं. आमच्या वडिलांना, आप्पांना, कॅन्सर होता आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना कावीळ सांगितली. आपल्यात असंच करतात ना? डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात, आपण डोळे पुसून हसत आत जातो. इथेच, आपल्या गावातल्या शिवाजीनगरला आप्पांचा भाऊ राहायचा, दोघांचा अबोला होता. "बरा झालो की जाऊन येतो," म्हणायचे आप्पा. गेले ते तसेच. वासू तेव्हा कॉलेजात होता. त्यानंतर त्याने दुसरा विषयच धरला नाही.

आणि यंदा त्याच्याच आजारपणात डॉक्टरांनी मला आणि सुमनला बाहेर बोलावलं. सुमन म्हणजे त्याची बायको, ही इथे पुढे बसली आहे. आता हातात काही नाही, म्हणाले डॉक्टर. सुमनने माझा हात घट्ट धरला. "अक्का, पाया पडते, त्यांना सांगू नका." काय चुकलं तिचं? त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं. आग लागो त्या पुस्तकांना, माझा भाऊ हसत राहू दे!

पण आत गेले तर वासूने सरळ विचारलं, "अक्का, बाहेर काय म्हणाले?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

सुमन, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. सरी, ठीक आहे, रागाव. पण तो काय म्हणाला ते तू ऐकलं नाहीस, तू बाहेर रडत होतीस. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते.

"बरं केलंस," म्हणाला. मी उठायला लागले. काय करणार, मला ते तोंड बघवेना. तर त्याने माझा पदर धरला. पांढऱ्या केसांचा माझा भाऊ, लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "अक्का, मला भीती वाटते गं. जाऊ नकोस." मी बसले. पदर त्याच्या मुठीत तसाच राहू दिला. मग म्हणाला, "सांगा, सांगा, एवढंच लिहीत राहिलो बघ. सांगून झाल्यावर तिथेच बसून राहायचं, हे लिहायचं राहिलं. आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तू सांग लोकांना. आणि सुमनला बोलाव. खोटं हसायला नको म्हणावं, नुसती येऊन बस."

मी बाहेर येऊन तुला इतकंच म्हटलं, आत जा. माझ्या तोंडून पुढचं निघेचना. पण तू गेलीस, आणि शेवटपर्यंत त्याच्या उशापासून हलली नाहीस. त्याचं लिहायचं राहिलं, ते तू केलंस, बाई. कुणी न सांगता केलंस.

वासू, तुझा निरोप पोचवला रे राजा.

सभेची रीत म्हणून आता आपण उभं राहून शांत राहतो. आज उभं राहू नका, एवढी विनंती. ज्याला जवळ बसायचंय त्याने जवळ बसा, आणि काही न बोलता बसून राहा. मीही खाली येते. सुमन, जरा सरक गं.