सुजाताच्या ताटातलं मीठ

सगळ्यांना जय भीम.

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. भन्तेजी, बाबा, बालवाडीतल्या मुलांच्या आयांनो, टेकडीवरच्या माझ्या शेजाऱ्यांनो, भर उन्हात एवढ्या पायऱ्या चढून आलात. मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. शाळेत मी अख्खा तास न थांबता बोलतो. इथे एकेक शब्द शोधावा लागतोय. चुकलो तर सांभाळून घ्या. नाही, सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐकून घ्या.

माझी धाकटी बहीण सुजाता गेली. याच विहाराच्या मागच्या खोलीत तिने चौदा वर्षं बालवाडी चालवली. माझ्या आधी चार जण बोलले, मनापासून बोलले. पण प्रत्येक जण एका जागी अडखळला. 'शेवटी शेवटी जरा चिडकी झाली होती.' 'स्वभाव बदलला होता बिचारीचा.' मी उठलोय तो या वाक्यासाठी. हे वाक्य घेऊन कुणी इथून घरी जायचं नाही.

सुजीचा स्वभाव बदलला नव्हता. सुजी आजारी होती. दीड वर्ष आजारी होती. आणि ते कुणाला कळायला हवं होतं? मला. घाटकोपरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, तुम्ही ज्याला सर, सर म्हणता त्या माणसाला.

इथे माझे जुने विद्यार्थी बसलेत, त्यांना विचारा. नववीला ग्रंथींचा धडा आला की मी बोलता बोलता डस्टर टेबलावर आपटतो. धाड! पोरं दचकतात. मग मी विचारतो, 'काय रे, दचकायचं तू ठरवलंस का? नाही ना? तुझ्या नसांनी ठरवलं, तुझ्या ग्रंथींनी ठरवलं. तुला नंतर कळलं.' मग फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटी टोपी. अधिवृक्क ग्रंथी. एवढीशी टोपी, पण तिचा रस रक्तात उतरला नाही तर माणसाला उठवत नाही, आवाज सोसत नाही, तो चिडतो, रडतो, आणि अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. बावीस वर्षं शिकवतोय हे. टोपीवरून हशा पण घेतोय.

आता आमच्या घरचं ऐका. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं मीठ कमी केलं. बाबांचं. मी अख्ख्या घराचं केलं. भाजीत नावाला मीठ, लोणचं बंद, पापड बंद, जेवताना बरणी समोर ठेवायची नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी जाऊन मी ते भाषण दिलंय, आठवतं ना? मोठा शहाणा मी.

आणि सुजीला मीठ हवं असायचं.

'दादा, भाजी अळणी लागते रे.'

'सवय कर.'

'चिमूटभर दे ना.'

'बाबांकडे बघ. तसं व्हायचंय का तुला?'

बाबा समोर बसलेले असायचे. बाबा, माफ करा मला. ती मान खाली घालून जेवायची, नाहीतर ताट सरकवून उठायची. मी म्हणायचो, नखरे बघा हिचे.

शांताकाकू, रडू नका. तुमची काही चूक नाही. ती तुमच्याकडे यायची, वाटीत मीठ घेऊन बोटाने चाटत बसायची. तुम्ही काळजीने मला सांगितलंत, 'सर, हे काहीतरी वेगळंच आहे.' मी काय केलं? घरी येऊन तिच्यावर ओरडलो. 'शेजारी जाऊन मीठ मागतेस? लाज नाही वाटत?' आणि बरणी उचलून माझ्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. स्वयंपाकापुरतं मीठ मी माझ्या हाताने काढून द्यायचो. पुस्तकात लिहिलंय, त्या टोपीसारख्या ग्रंथी निकामी झाल्या की शरीर मीठ मागतं. मी शरीराला कुलूप लावलं.

ती पायऱ्या चढताना नळापाशी बसायची. पाण्याला आलेल्या बायका म्हणायच्या, 'महाराणी दमल्या.' सकाळी उठायची नाही. मी पांघरूण ओढायचो, 'चल, नाटकं पुरे झाली.' कुकरची शिट्टी झाली की दचकायची आणि तिला रडू यायचं. बालवाडीत ती एका मुलावर ओरडली. जिने कधी कुणाला टपली मारली नाही, ती ओरडली. दोघी आयांनी आपली मुलं काढून घेतली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, तिला न विचारता. म्हणालो, 'सध्या आमच्या सुजीचं डोकं ठिकाणावर नाही.' सख्ख्या भावाने सांगितल्यावर तुम्ही दुसरं काय मानणार?

काळवंडली होती ती. उन्हाने असेल, असं म्हणायचो आपण. तिच्या तळहाताच्या रेषा काळ्या झाल्या होत्या, हिरड्या काळ्या झाल्या होत्या. उन्हाने हिरड्या काळ्या होतात का हो? नववीतलं पोरगंही हे विचारेल. मी विचारलं नाही. घरात बीपीचं मशीन आहे. रोज सकाळी बाबांच्या दंडाला लावतो. ती तिथेच शेजारी बसलेली असायची. तिच्या दंडाला एकदाही लावलं नाही. एकदाही नाही.

मग गेल्या महिन्यात घरात सगळ्यांचंच पोट बिघडलं. आम्ही दोन दिवसांत सावरलो. ती उठेना. मी शाळेत निघालो होतो, बूट घालत होतो. ती म्हणाली, 'दादा, मला दवाखान्यात ने रे. आज काहीतरी वेगळं होतंय.' मी म्हणालो, 'अगं, आम्हा सगळ्यांनाच झालं होतं ना? तू काय स्पेशल आहेस का? लिंबूपाणी पी.' आणि गेलो. ते लिंबूपाणीसुद्धा बिनमिठाचं. बरणी कुलपात होती आणि किल्ली माझ्याबरोबर शाळेत.

दुपारी माझ्या बायकोचा फोन आला. सुजी बेशुद्ध होती. इस्पितळात एक तरुण डॉक्टर बाई आली. तिने सुजीचा तळहात उघडून बघितला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि मला विचारलं, 'यांना मीठ खावंसं वाटायचं का?' किल्ली तेव्हाही माझ्या खिशात होती. तिने धावपळ केली, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. उशीर झाला होता. संध्याकाळी सुजी गेली. नंतर मी विचारलं, वेळेवर कळलं असतं तर? ती म्हणाली, 'रोज गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या. बाकी सगळं तुमच्या-आमच्यासारखं.'

रोज गोळ्या. एवढंच. सांगा ना कुणीतरी, हे घेऊन मी काय करू? कुठे जाऊ? मला झोप नको, जेवण नको, समजूत तर नकोच नको. परवापासून शाळा आहे. तो धडा यायचाय. फळ्यावर ती टोपी कशी काढू मी? पोरं हसतील. दरवर्षी हसतात.

मला माफ करा असं मी म्हणत नाही. जिची माफी मागायची ती फोटोत बसलीय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तिला आळशी म्हणू नका. चिडकी म्हणू नका. आणि तुमच्या घरात कुणी असं अचानक बदललं, तर ओरडायच्या आधी डॉक्टरकडे न्या. सरांना विचारू नका.

बाहेर पंगत मांडलीय. पंगतीत पहिलं मीठ वाढतात, आपल्याला माहीत आहे. आज ते मी वाढणार आहे. ही बघा किल्ली. बरणी सकाळीच बाहेर काढून आणलीय. तिच्या फोटोपुढे एक ताट ठेवलंय, सुरुवात तिथून करीन. तुमच्यापुढे आलो की कुणी हात आडवा धरू नका.

त्याआधी सगळे उभे राहू या. मिनिटं मी मोजणार नाही. बाबांना उभं राहता येत नाही, त्यांनी बसूनच.

सुजे, वाढतो गं. हवं तेवढं घे. जय भीम.