मथुराकाकूंच्या कानातल्या गाळण्या

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. रागावू नका. समोरचा जे बोलतो ते आपण ऐकतो, की आपल्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकतो?

सांगा!

अहो, लगेच माना डोलावू नका! पहिल्या प्रश्नालाही डोलावलीत, दुसऱ्यालाही डोलावलीत! दोन्ही कसं खरं असेल? आणि मागच्यांनो, जरा पुढे सरकून बसा. माझा आज गुरुवार आहे, सकाळपासून दुधावर आहे. मुळातच माझा आवाज बारीक, त्यात उपास. ओरडून सांगणं मला जमायचं नाही. ऐकणं आज तुमच्याकडे!

तर ऐका.

वाघोशी नावाचं गाव. गावात दत्ताचं देऊळ, आणि देवळात बायकांचं भजनी मंडळ. त्या मंडळाच्या म्होरक्या म्हणजे मथुराकाकू दाभाडे. म्होरकीनं एक ओळ टाकायची, मागच्या झीलकरी बायकांनी ती उचलायची. किती वर्षं? काकूंनाच आठवत नव्हतं! हातातले मानाचे टाळ कडेला झिजून पातळ झाले होते, पण काकूंची पहिली ओळ पडली की देवळातल्या घंटेलासुद्धा वाटायचं, आपण आता गप्प बसावं!

पण देह आहे, मंडळी. गुडघा धरला. दम पुरेना. काकू म्हणाल्या, "बायांनो, आता टाळ दुसरीच्या हाती देते. येत्या गुरुवारी आरतीच्या वेळी नाव सांगेन."

आता त्या देवळाची एक जुनी रीत. म्होरकी निवडणारीनं देवाकडे तोंड करून बसायचं. गाणाऱ्या तिच्या पाठीमागे. कोण गातंय ते दिसायला नको! आणि नाव सांगायच्या दिवशी, ते सांगेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. काय कडक रीत! पण काकूंना देवळापर्यंत चालवेना. म्हणून त्यांचा मुलगा हेमंत देवळात गेला, दोघींचं गाणं मोबाइलवर घेऊन आला.

दोघी कोण?

एक शेवंता लोंढे. पिठाची गिरणी चालवते. दिवसभर गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा दणदणीत की कानात सांगितलेली गोष्ट चावडीवर ऐकू जावी!

आणि दुसरी — केतकी. हेमंतची बायको. काकूंची स्वतःची सून!

आली का पंचाईत? सुनेला टाळ दिले तर गाव म्हणणार, "ठेवले घरातच!" शेवंताला दिले तर गाव खूश — पण काकूंना राहायचं घरात आहे, मंडळी! सकाळचा चहा गावकरी आणून देणार का?

नाही, हसण्यावारी नेऊ नका. काकूंच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. केतकी लांबून आलेली पोर. स्वभाव मिटलेला. इथे मैत्रीण नाही, शेजारणीशी चार शब्द नाहीत. फक्त भजनाला बसली की चेहरा उघडायचा. काकूंनी तिला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं, पण मनात एकच होतं. हिला टाळ मिळाले तर ही या गावाची होईल.

मोबाइलवर गाणं लावलं, तर नुसती किरकिर! काकूंच्या कानांनाही बारीक सूर हल्ली कमी ऐकू यायचे. हेमंत तालुक्याला गेला आणि एक डबी घेऊन आला. कानाच्या आत बसवायचे इअरफोन.

"आई, हे साधे नाहीत. याला फिल्टर बदलता येतात."

"पाण्याचं फिल्टर माहितीये मला. आवाज गढूळ असतो का रे?"

"गाळणी समज गं! ही बघ, टोकाला फिरवून बसवायची. काळी लावलीस की खर्जाचा, जाड आवाज पुढे येतो. सोनेरी लावलीस की बारीक, वरचा. रुपेरी मधली. तुझ्या कानाला बरी वाटेल ती ठेव."

काकूंनी इअरफोन कानात घातले. "अरे, हा आवाज आहे की पत्र्यावर वाळू टाकतायत?"

"सैल बसलेत! कानात नीट बसले नाहीत की जाड आवाज सगळा गळून जातो. थांब, रबराची टोपी मोठी लावतो." त्यानं टोपी बदलली, आत दाबली, आणि काकू दचकल्याच! शेवंता जणू कानात येऊन बसली!

हेमंत कामाला गेला. काकू एकट्या. पुढ्यात डबी. पहिल्यांदा कोणती गाळणी उचलली असेल?

सोनेरी! बरोबर ओळखलंत. का हो? सोनेरी आहे म्हणून? तसंच म्हणाल्या त्या मनाशी. "दिसायला छान आहे म्हणून घेतली." आणि केतकीचं गाणं लावलं. अहाहा! "दारी ये रे दत्ता, दारी ये" — एकेक अक्षर घासलेल्या समईसारखं लखलखीत. मग शेवंताचं लावलं. नुसता कर्कश कलकलाट! वरच्या जागेवर तर सूर चक्क घसरलेला!

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं की! न्यायानं झालं. यंत्रानंच सांगितलं."

इतक्यात केतकी चहा घेऊन आली. काकूंच्या कानाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, सोनेरीच ठेवा हं. त्यात स्पष्ट येतं."

बस! एवढंच बोलली. पण काकूंनी कप खाली ठेवला. हिला कसं कळलं सोनेरीत आपण चांगल्या ऐकू येतो? हिनं आधी लावून पाहिलं का? की बिचारी सहज बोलली? चेहऱ्याकडे पाहावं, तर चेहरा मिटलेला!

केतकी गेल्यावर काकूंनी घाईघाईनं काळी गाळणी बसवली. जणू चोरी लपवायची होती! आणि काय चमत्कार! शेवंताचा आवाज असा भरला, की देवळाचा गाभाराच बोलतोय. आणि केतकी? ओल्या भिंतीपलीकडे कुणी गुणगुणत असावं तशी. मघाची समई गेली कुठे?

मग रुपेरी. रुपेरीत दोघीही बऱ्या! हिचंही बरं, तिचंही बरं! आता काय करायचं?

पुन्हा सोनेरी. पुन्हा काळी. डोकं भणभणलं. शेवटी काकूंना एक युक्ती सुचली. दोघींना सारखा न्याय! उजव्या कानात सोनेरी, डाव्या कानात काळी!

हसताय? तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आवाज इकडून शिरतो, तिकडे पळतो, कपाळासमोर टिकतच नाही! पाळण्यात बसल्यासारखं गरगरायला लागलं. काकूंनी इअरफोन काढून पदरात टाकले आणि डोळे मिटून बसल्या.

दारात आवाज आला, "काकू! यंत्र घेऊन बसलात म्हणे?"

शेवंता! दळणाचा डबा द्यायला आली होती.

"ये. बस."

"बसत नाही. गिरणी चालू आहे. एवढंच विचारायला आले, काकू, यंत्र कशाला मध्ये? इतकी वर्षं मागे बसून गातेय, तुम्हाला ऐकू आले नाही का कधी?"

"ऐकू येतेस की. न यायला काय झालं! साऱ्या वाघोशीला येतेस."

"मग?" शेवंता हसली, पण डोळे हसले नाहीत. "का गाळून गाळून घरचंच तेवढं खाली येतंय?"

आणि निघून गेली.

मंडळी, तो टोमणा काकूंना वर्मी लागला. रागानं त्यांनी काळी गाळणी दोन्ही कानांत घट्ट बसवली. "घे! शेवंताच म्होरकी! म्हणू दे आता कुणाला काय म्हणायचंय ते!" पण क्षणभरानं हात थांबला. हे तरी ऐकणं आहे का? मघाशी सुनेसाठी सोनेरी लावली, आता लोकांसाठी काळी लावली. परक्या बाईला टाळ दिले की आपण किती निःपक्षपाती दिसू, हीसुद्धा एक गाळणीच की! मग खरी कोणती? काकूंना काही म्हणता काही कळेना.

गुरुवार आला. काकूंच्या पोटात सकाळपासून काही नाही. हेमंतनं रिक्षा आणली, हात धरून देवळात नेलं. रीतीप्रमाणे काकू देवाकडे तोंड करून बसल्या. पाठीमागे सगळ्या बायका. केतकीही, शेवंताही. मांडीवर टाळ.

"काकू, सांगा नाव!" मागून कुणीतरी म्हणालं. "तुमच्या उपासापायी आम्हालाही प्रसाद मिळेना!"

काकूंनी मान वर केली. समोर दत्ताची मूर्ती. आणि तेव्हा, मंडळी, काकूंना त्या रीतीचा अर्थ लागला. गाणारीचा चेहरा दिसू नये म्हणून पाठ करायची? अहो, पहिल्या सुरात कळतं कोण गातंय ते! ही काय लपायची गोष्ट आहे? रीत त्याच्यासाठी नाहीच. निवडणारी देवाला दिसावी म्हणून आहे! ती मनात काय घेऊन ऐकतेय ते त्याच्या डोळ्यांसमोर असावं म्हणून आहे!

काकू तशाच, वळून न बघता म्हणाल्या, "बायांनो, मी ऐकलंच नाही."

"काय म्हणता काकू? आठवडाभर कानात घालून बसला होतात की!"

"घालून बसले होते. मला सूनच म्होरकी हवी होती, म्हणून सोनेरी लावली. मग तुमची भीती वाटली, म्हणून काळी लावली. गाणं राहूनच गेलं."

केतकीनं मान खाली घातली. शेवंतानं पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, "मग आता हो?"

"आता मी मागे बसते. तुम्ही दोघी पाळीपाळीनं गा. मी झील धरते."

म्होरकी झाल्यापासून काकू कधी मागे बसल्या होत्या का? कधीच नाही! गुडघा धरत, भिंतीला टेकत, सगळ्यात मागच्या रांगेत म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

आधी केतकी गायली. काय सूर! डोळ्यांत पाणी यावं असा. काकूंनी ओळ उचलली. अर्धीही झाली नाही तोच केतकीची पुढची ओळ आली! काकू धावल्या, गाठलं, तर तिसरी! शेजारच्या यमुनाआजींनी केव्हाच सोडून दिलं होतं. टाळ हातात तसेच धरून नुसत्या ऐकत बसल्या होत्या. काकूंनी रांगेकडे पाहिलं. सगळ्या ऐकतच होत्या! गाणं सुंदर, पण गात एकटी केतकी!

मग शेवंता. ओळ टाकली दणदणीत, वरच्या जागेवर घसरलीसुद्धा. आणि थांबली. का थांबली? फार समज होती म्हणून? छे हो! तिचाच दम संपला होता! गिरणीच्या पिठानं छाती भरलेली बाई, एका ओळीला धापा टाकते! पण ती धापा टाकेपर्यंत यमुनाआजींना श्वास घ्यायला सवड मिळाली, काकूंना मिळाली, आणि सगळ्या रांगेनं ओळ अशी उचलली, अशी उचलली — की शेवंताचा घसरलेला सूर कुठल्या कुठे वाहून गेला!

हे त्या यंत्रात कसं यावं? मोबाइल गाणारीच्या तोंडाशी धरलेला! मागच्या बायकांचा श्वास कुठल्या गाळणीत सापडणार होता?

काकूंनी टाळ शेवंताच्या हातात दिले. म्हणाल्या, "दम वाढवायला जाऊ नकोस, बये. आहे तेवढाच ठेव."

आणि केतकी? घरी आल्यावर तिनं काकूंना पान वाढलं, उपास सोडवला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी बेसूर होते का, आई?"

"नाही गं. इतकं सुंदर या गावात कुणीच गात नाही. पण तू आमच्यासाठी थांबत नाहीस."

"मला वाटलं... मी थांबले आणि मागून कुणी उचललंच नाही तर?"

मंडळी, काकूंचा घास हातातच राहिला. इतके दिवस त्या या पोरीचा आवाज गाळण्या बदलून ऐकत होत्या. ही भीती एकाही गाळणीत आली नव्हती. कशी येणार? सुनेला कधी विचारलंच नव्हतं!

केतकी देवापाशी दिवा लावायला गेली. वात पेटली. तिनं अगदी हळू आवाजात ओळ टाकली, "दारी ये रे दत्ता, दारी ये." आणि थांबली.

थांबली, मंडळी!

स्वयंपाकघरातून, उष्ट्या हातानं, दम नसलेल्या आवाजात काकूंनी ती ओळ उचलली.

आता तुमच्याकडे येते. डबी आपल्या प्रत्येकाजवळ आहे. लेकीचा फोन आला की कोणती गाळणी लागते? जावेचा आला की कोणती? नवरा जरा मोठ्यानं बोलला की काळी, मुलगा तेच मोठ्यानं बोलला की सोनेरी! आपलं बोट आपोआप जातं आणि आपण म्हणतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं! आत्ता माझं ऐकतानाही कुणीतरी म्हणत असेल, "हे आमच्या शेजारणीनं ऐकायला हवं होतं!" नाही बाई. शेजारीण तिचं ऐकेल. हे तुमच्यासाठी होतं.

मलाही कोणती गाळणी खरी ते ठाऊक नाही. तुमच्याइतकीच मी गोंधळलेली आहे. मला एवढंच कळतं की ज्याचं ऐकायचं त्याच्यामागे क्षणभर जाऊन बसावं. त्याची ओळ आपल्या तोंडात घेऊन बघावी. दम कुठे लागतो ते मग कळतं.

आता आरतीची वेळ झाली. माझाही आवाज बसत आला. नाव दत्ताचं, ओळ काकूंच्या गावची. मी एकदाच टाकते आणि थांबते.

दारी ये रे दत्ता, दारी ये...

उचला!