स्टेपनीमागची माणसं

मी मूळचा परतवाड्याचा. बाप लाकडाच्या ट्रकवर क्लिनर होता, मंग डायवर झाला, अन् मीबी शाळा सोडून त्याच्याच मागं लागलो. लग्न झालं ते घाटावरच्या गावात, सासऱ्याले पोरगा नव्हता म्हून तिथीच राहिलो, माझ्या मायलेबी घेऊन गेलो. बुढी म्हनतो मी तिले. तवापासून काळीपिवळी जीप चालवून राहिलो, सकायी गावातून परतवाडा, संध्याकायी परतवाड्यातून गाव. बस होती, पन घाटातला रपटा, म्हंजे पान्यावरचा बुटका पूल, वाहून गेला तवापासून येत नाही. म्हंजे बीमारीचं असो का बाजाराचं असो, सारं गाव माझ्याच गाडीत.

आता स्टेपनीचं सांगतो. स्टेपनी गाडीच्या खाली लटकते, पन दगडाले घासून घासून तिची साखळी तुटली, म्हून मी चाक आत टाकलं, शीटांच्या मधात, लोक त्याच्यावर पाय ठेवून बसत. बाजूले डिझेलची कॅन, कारन परतवाडा सोडला का वरतं पंप नाही. रस्ता वळनावळनाचा, कॅन डचमळते, वास सुटते, अन् अर्धी गाडी उलट्या करते. चालत होतं तसंच. मंग बुढीच्या किडन्या गेल्या. हप्त्यातून दोनदा अमरावतीले मशीनवर न्यावं लागते, परतवाड्यापर्यंत माझी गाडी अन् पुढं बायको तिले बसनं नेते. तं काय सांगू तुमाले, त्या वासानं बुढी पह्यल्याच वळनावर सुरू होये अन् परतवाडा येईपर्यंत मान टाकून दे. एक दिवस म्हने, मले नाही यायचं बाप्पा आता, वासानं मरन्यापेक्षा घरी मरू दे.

म्हून मी सलीमभाईकडे गेलो, परतवाड्यात वेल्डिंगचं दुकान हाये त्याचं. म्हनलं भाऊ, चाक अन् कॅन दोन्ही बाहेर पाह्यजे. गाडीमागं ट्रॉली ओढायचा हूक होता, त्याच्याच जागी चेसिसले एक चौकोनी पाइप जोडला, त्यात कल्टिवेटरचा जुना पाइप सरकवला, आरपार ट्रॅक्टरची पिन. त्याच्यावर अँगलचं फाटक, बिजागरीवर, म्हंजे मागचं दार उघडायचं असलं का फाटक बाजूले होते. खालून पट्टी, फाटकावर बोल्ट, बोल्टावर स्टेपनी. सायलेन्सर डाव्या अंगाले, म्हून कॅनचा पिंजरा उजव्या अंगाले, अन् कॅन ट्यूबच्या पट्टीनं आवळली. वास गेला. बुढी समोर माझ्याजवय बसली, परतवाड्याले उतरली अन् म्हने, एक संत्र घे रे. मले वाटलं, जिंकलं.

आठ-पंधरा दिवस गेले असतीन. एका वळनावर गाडी जड वाटली, उतरून पाहतो तं खालच्या पट्टीवर तिघं उभे, स्टेपनीले मिठी मारून. म्हनलं उतरा बे, ते चाकासाठी हाये, मानसांसाठी नाही. म्हने भाऊ, आत जागा कुठी हाये. खरंच नव्हती. मी सलीमभाईकडून पट्टीवर लोखंडाचे काटे लावून घेतले. दुसऱ्या दिवशी एका बाईनं पोत्याची घडी त्याच्यावर टाकली अन् चढली, वरून मलेच म्हने, हे बरं केलं, आता पाय सरकत नाही.

अन् पाहा, स्टेपनीनं मागची काच पुरी झाकून टाकली होती. मागं किती उभे, कोन उभं, मले दिसत नाही.

अशाच एका दिवशी बाबूलाल पडला. आमच्याच गावचा, अर्ध्या घाटात वळनावर हात सुटला. त्याच्यासंग जे उभे होते त्यायनं स्टेपनीवर बुक्क्या मारल्या, बोंबलले, पन रबरावर मारल्याचा आवाज काय येनार. इंजिन चढावर गरजून राहिलं होतं. मी गाडी पार नाल्यापर्यंत नेली, तिथी उतरून त्यायनं सांगितलं. मागं गेलो तं तो रस्त्याच्या कडेले बसला होता, पाय वाकडा. मले म्हने, आलास का.

मी घरी जाऊन पिन काढली, सारा सांगाडा उतरवून ठेवला. चाक आत, कॅन आत. पुढच्या खेपेले बुढीनं नाल्याच्या अलीकडेच उलटी केली. अन् लोकं? लोकं वर टपावर जायच्या शिडीले लटकले. त्याच्यापेक्षा ते फाटक बरं होतं का नाही, तुमीच सांगा. सांगाडा परत लावला. काटे कापले, अन् हाताले धरायले दोन दांड्या लावून मागितल्या. सलीमभाईनं चष्मा वर केला, म्हने, मियाँ, अब छत भी लगा दूँ, दो कुर्सी भी? त्यानं दांड्या लावल्या.

बाबूलालचा पाय जुळला, पन लंगडते. त्याच दांडीले धरून येते. म्हनलं तू तरी नको चढू रे. म्हने, मंग कशानं जाऊ?

आता बुढी समोर बसत नाही. बाबूलाल पडला तवापासून तीच म्हने, मले मागच्या शीटवर टाक, खिडकीजवय. दर वळनाले खिडकीतून वाकून इचारते, हाव का रे सारे? अन् मागून आवाज येते, हाव माय. तिचं डोकं आत आलं का मी गिअर टाकतो.

जाताना बरी असते. येताना मशीननं तिचा जीव काढून घेतलेला असते, झोप लागते. मंग वळन येते अन् मागून काहीच येत नाही. मी गाडी थांबवतो, खाली उतरतो. सारे उभेच असतात, मलेच पाहून हासतात, म्हनतात काहून थांबला भाऊ, बुढी झोपली. आतून तिचा डोया उघडते, म्हने, पोहोचोत रे बाप्पा सारे आपापल्या घरी. मी हाव म्हनतो, पिन हातानं चाचपून पाहतो अन् परत स्टेअरिंगवर येऊन बसतो.