ट्रेडमिलचा चढ

ट्रेडमिल घ्यायची म्हणतेस ना, मग आमच्या सासऱ्यांचं काय झालं ते ऐक. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं, पण सपाट जागेवर. विश्रांतवाडीत सपाट फुटपाथ कुठून आणणार, म्हणून घरीच ट्रेडमिल घेतली.

एके दिवशी मी घरूनच काम करत होते. मीटिंग संपवून बाहेर आले, तर मशीन पुढून पार वर उचललेलं आणि बाबा दांडी घट्ट धरून घामाघूम चढतायत. मशीन बंद केलं, त्यांना खुर्चीत बसवलं, डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने काही झालं नव्हतं.

"बाबा, उतरायचं नाही का?"

"मला वाटलं, डॉक्टरांनी तुला चढ वाढवायला सांगितला असेल."

"आणि मी तुम्हाला न विचारता वाढवीन?"

"आमटीतलं मीठ विचारून कमी केलंस का?"

पडद्यावर चढ मात्र शून्यच दिसत होता. कंपनीतल्या माणसाने फोनवर सांगितलं, चढाच्या मोटरची वायर बघा. प्लग काढून झाकण उघडलं, तर एक बारीक वायर खरंच निसटली होती. ती बसवली, रिकामं मशीन एकदा वरखाली करून घेतलं, आणि ते सपाट झालं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा पुन्हा चालायला लागले, तेव्हा मी शेजारी स्टूल घेऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू जा, काम कर. आता हे वर गेलं, तर मी खाली उतरेन. तुला विचारणार नाही."