साईच्या आठ कडा

झेनशू : ...नाही म्हणजे नाही, चोएइदादा. एकदा घासली की घासली. लोखंड म्हणजे काही केस नव्हेत, पुन्हा वाढायला.

चोएइ : घासायला मी सांगितलेच नाही. आठही कडा जशाच्या तशा राहू देत. केवळ आतून वजन उतरव.

झेनशू : आतून? भोपळा आहे का पोखरायला?

चोएइ : थट्टा नको. मी फार विचारान्ती तुझ्या दारी आलो आहे.

(ओकिनावा बेटावरील इतोमान गाव, सन १९७७, जून महिन्यातील दुपार. लोहार योनामिने झेनशू यांच्या भट्टीत त्यांचे जुने शेजारी, अडुसष्ट वर्षांचे शस्त्रगुरू तोकाशिकी चोएइ बसले आहेत. ऐरणीवर साईची जोडी आहे: हातभर लांबीचे दोन लोखंडी दांडे, मुठीपाशी दोन्ही अंगांना शिंगे फुटलेली, धार कोठेच नाही. चोएइ यांचा उजवा हात मांडीवर कापत आहे, आणि तो कापत नसल्याचे ते मोठ्या कष्टाने भासवीत आहेत.)

झेनशू : उचला. हाताला लावून धरा. टोक कोपराबाहेर बोटभर यायला हवं. हं, आलं. माप चोख आहे. साईत काही खोट नाही.

चोएइ : खोट मनगटात आहे. काल तालमीत हातातून सुटली. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पडली. शिष्यांनी पाहिले, आणि पाहिलेच नाही असे केले. त्याचेच अधिक लागले.

झेनशू : मग परवा एखाद्या शिष्याला उभं करा. तुम्ही बसा सावलीत, पंखा घेऊन.

चोएइ : परवा गुरुजींचे तेहेतिसावे वर्षश्राद्ध आहे, झेनशू. शेवटचे श्राद्ध. त्यानंतर ते पितर उरणार नाहीत, देवांत मिसळतील. मग नावाने हाकही मारता यायची नाही. युद्धात ते गेले तेव्हा मी कैद्यांच्या छावणीत होतो. मूठभर माती टाकणेही माझ्या हातून घडले नाही. एवढे एकदा त्यांच्यापुढे, त्यांच्याच साईने करून दाखवावे, इतकीच इच्छा उरली आहे.

झेनशू : मग हलकी जोडी न्या ना. बंदराकडच्या तालमीतले लोक गोल दांड्याची वापरतात. पाव किलोनं हलकी. माझ्याकडे तयार पडली आहे.

चोएइ : गोल! तीस वर्षे मी शिकवीत आलो की गोल साई म्हणजे शेवयांचे लाटणे. आठ कडा म्हणजे आठ दिशा. काठीचा घाव कडेवर अडतो, गोलावरून घसरतो. हेच तर आपल्या घराण्याचे लक्षण. मी गोल साई घेऊन उभा राहिलो, तर बंदराकडचा तो म्हातारा गुरू हसता हसता मरेल.

झेनशू : मरू दे की. नव्वदीचा आहे.

चोएइ : झेनशू!

झेनशू : बरं, राहिलं. तोन्फा घ्या, आडव्या मुठीच्या काठ्या. लाकडाच्या असतात, मनगटाला सोप्या.

चोएइ : जात्याचा खुंटा फिरवून गुरुजींना निरोप देऊ?

झेनशू : कशालाच हो म्हणायचं नाही असं ठरवूनच आलात. घ्या, चहा घ्या. काळ्या साखरेचा खडा आहे बशीत. ...दादा, गुरुजींची साई त्यांच्या हयातीत कधी हातात धरली होती तुम्ही?

चोएइ : नाही. मी तेव्हा काठीवरच होतो. ते पहाटेच्या अंधारात सराव करीत, आणि मी जास्वंदीच्या कुंपणाआडून पाहत असे. जे उचलले ते सारे पाहून उचलले.

झेनशू : अंधारात कडा दिसतात?

चोएइ : तुला नेमके म्हणायचे काय आहे?

झेनशू : दमलोय हो मी. एकतीस वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन बसलोय. ही जोडी मी ठोकली आहे. मी आणि माझ्या बापानं.

चोएइ : काहीतरीच. ही गुरुजींची आहे. काकींनी, त्यांच्या पत्नीने, स्वतः माझ्या ओंजळीत ठेवली. सुटून आलो त्याच वर्षी.

झेनशू : काकींनी दिली, खरं आहे. पण गुरुजी बॉम्बहल्ल्यात आपली साई घेऊन गुहेत शिरले, ते परत आले नाहीत. मग ती एकटी कशी येईल? काकी इथंच येऊन बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच. बापाला म्हणाल्या, 'चोएइ जेवत नाही. जगावंसं वाटत नाही म्हणतो. त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं.'

चोएइ : आणि तुझ्या बापाने ही ठोकली?

झेनशू : लोखंड कुठं होतं तेव्हा? अमेरिकनांनी टाकलेल्या पहारी होत्या. त्या आठ कडांच्याच यायच्या. गोल करायला कोळसा पुरेना. बाप म्हणाला, राहू दे, त्याला काय कळतंय. मग जुनी दिसावी म्हणून महिनाभर डुकराच्या खुराड्यात पुरली.

चोएइ : डुकराच्या!

झेनशू : मीठ घालून.

चोएइ : आणि गुरुजींची खरी साई?

झेनशू : माझ्या आजानं ठोकलेली. गोल.

चोएइ : म्हणजे तीस वर्षे मी पहारीवर प्रवचन केले. आठ दिशा! आणि तू मागे बसून ऐकत होतास.

झेनशू : चांगलं बोलायचात हो. मला पटायला लागलं होतं.

चोएइ : मला आधी का नाही सांगितलेस?

झेनशू : काकींनी शपथ घातली होती. 'तेहेतिसाव्याला दोन दिवस राहिले की सांग. त्या आधी नको, आणि नंतर तर नकोच. माझ्या खोटेपणाबद्दल त्यांची माफी मागायला चोएइला वेळ राहू दे. ते एकदा देव झाले की ऐकायचे नाहीत.' मी घासू का आता? वजन उतरेल, गुरुजींसारखी गोलही होईल.

चोएइ : नको. हिला कानस लावू नकोस. तुझी ती तयार जोडी काढ.

झेनशू : धरा. कोपराशी बघा. बरोबर?

चोएइ : बरोबर. हात कापतोच आहे, पण धरवते.

झेनशू : आणि शिष्यांना काय सांगणार?

चोएइ : खरे तेच. हसायचे ते हसतील, बंदराकडे जायचे ते जातील. आता लपवण्याचेही त्राण नाही. ...झेनशू.

झेनशू : हं?

चोएइ : जगावेसे वाटत नाही, असे मी खरेच म्हणत होतो?

झेनशू : रोज. अख्खी आळी ऐकत होती.

चोएइ : मला आठवतच नाही रे.