परिच्छेद सत्त्याऐंशीतली बाई

...आणि वर तोंड करून म्हणतात, नोंद घेतली! अहो, नोंद तर आमचा दूधवालासुद्धा घेतो, पण तो निदान दुसऱ्या दिवशी दूध तरी घालतो!

तुम्हाला सांगते, माझे धाकटे दीर आत आहेत, वर्ष होत आलं. गुन्हा काय? तर आमच्या गल्लीतली दोनशे बारा नावं मतदार यादीतून गळाली, ती भाऊजींनी कागदावर लिहून काढली आणि शाळेच्या फाटकावर डकवली. बस्स! कागद घरचा, खळ घरची, तुरुंग तेवढा सरकारी. सुनावणी नाही, भेट नाही. जाऊ पानावर बसते आणि घास हातातच राहतो. मग मी म्हटलं, आपल्याला कोर्टकचेरी कळत नाही, पण देव तर कळतो? अकरा दिवसांचं मौन धरलं! देवाला म्हटलं, बाबा रे, माझ्याकडची सगळ्यात जड वस्तू तुला देते, पण भाऊजींना सोडव. तर आमचे हे म्हणतात कसे, "तो सुटो न सुटो, मी तरी अकरा दिवस सुटलो." ...सख्खा भाऊ हो हा!

तर देशोदेशीच्या खासदारांचं एक मंडळ येणार होतं. मतदान सरळ होतंय का, माणसांना माणसासारखं वागवतात का, ते बघायला. येणार होते बाराव्या दिवशी. म्हणजे इकडे माझं तोंड उघडणार आणि तिकडे त्यांचं दार! मी म्हटलं, ऐकलं देवानं. कसलं काय! त्यांच्याकडे मध्येच कुठलंसं अधिवेशन लागलं आणि मंडळ उतरलं माझ्या मौनाच्या आठव्या दिवशी!

आता सांगा, मी करायचं काय? बोलावं, तर व्रत मोडतं, मग भाऊजी सुटणार कसे? न बोलावं, तर त्यांचं सांगणार कोण? जाऊ तोंड उघडते ती रडायलाच. हे म्हणाले, "मी सरकारी नोकर, मला तिथं कुणी पाहिलं तर उद्या माझंही नाव गळायचं." मग मीच चार पानं लिहिली, पाठपोट, आणि दोघी जावा गेलो.

हॉटेलातली मोठी खोली. लांब टेबल, हिरवं कापड, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. माणशी सात मिनिटं! एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, गळ्यात साखळीचा चष्मा, चेहरा इतका मायाळू, की वाटलं हिच्या खांद्यावर डोकं ठेवावं. शेजारी दुभाषा. दाराशी आपले दोन पोलीस, हवा खायला उभे असल्यासारखे. दुभाषा माझी पानं वाचायला लागला. आता मी सुरुवात केलेली भाऊजींच्या बारशापासून... माणूस कसा आहे ते नको का कळायला? तो दुसऱ्या पानावर, भाऊजी चौथीत, आणि पाच मिनिटं संपली!

बाईंनी हात वर केला. "तुमचे दीर खासदार आहेत का?"

मी मान हलवली. नाही.

"होते का पूर्वी? निदान उमेदवार?"

पुन्हा मान हलवली. नाही हो! शाळेत कारकून आहेत!

"अरेरे," दुभाषा म्हणाला, "यांची समिती खासदारांचीच प्रकरणं हाती घेते. तरी नोंद घेतली आहे."

मग बाई पुढे वाकल्या. "तुम्ही बोलत का नाही? कुणी मनाई केलीय?" आता व्रत कसं सांगायचं खुणेनं? जाऊ शेजारी पदरात तोंड खुपसून रडतेय! मी आपलं बोट वर केलं. वर. देवाकडे! दुभाष्यानं दाराशी उभ्या पोलिसांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वरून आदेश आहे." मी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले, नाही, नाही! तर बाई म्हणाल्या, "बघा, किती घाबरलीय." माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं... आणि नोंद घेतली.

चार महिन्यांनी अहवाल आला, एकशे चाळीस पानी. यांनी ऑफिसात दार लावून वाचला. मी आहे त्यात! परिच्छेद सत्त्याऐंशी. "एका महिलेला वरून आलेल्या आदेशामुळे एक शब्दही बोलता आला नाही. मंडळाने याची चिंतेने नोंद घेतली." आणि भाऊजी? भाऊजी कुठेच नाहीत. हे म्हणाले, "आयुष्यभर बोललीस ते घरात कुणी ऐकलं नाही, आणि आठ दिवस गप्प बसलीस ते जगभर छापून आलं!"

पण देव अगदीच दगड नाही हो. मागच्या आठवड्यात भेटीची परवानगी मिळाली, वीस मिनिटांची. दोघी गेलो. जाळीपलीकडे भाऊजी. गालफडं बसलेली, पण हसले. जाऊ रडायला लागली, म्हणून मीच विचारलं, "भाऊजी, ते परदेशी खासदार इथंही आले होते म्हणे?"

"आले होते ना! माझ्या कोठडीपुढेच थांबल्या एक बाई, गळ्यात साखळीचा चष्मा. विचारलं, काही तक्रार?"

"मग? सांगितलंत ना सगळं?"

"छे! जेलर शेजारी उभा. ते विमानात बसणार, मला इथंच राहायचंय. म्हटलं, काही तक्रार नाही. म्हटलं, उगाच कशाला? बाहेर वहिनी आहेत की! त्या काय ऐकून घेताहेत? सात मिनिटांत सात महिन्यांचं सांगून मोकळ्या झाल्या असतील! ...सांगितलंत ना वहिनी?"

एवढ्या आशेनं बघत होते. मी म्हटलं, "सांगितलं भाऊजी. सगळं सांगितलं. अगदी डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

खोटं बोलले. देवाधर्माची बाई मी, धडधडीत खोटं बोलले. आता प्रायश्चित्त घ्यायला हवं आणि भाऊजींसाठी नवं काही धरायलाही हवं. तुमच्या माहितीत असेल एखादं व्रत, तर सांगा. कितीही कडक चालेल... फक्त मौनाचं नको!